मेर्लोची घाई: तापत्या बोर्दोचे प्रकरण

फ्रान्सच्या बोर्दो पट्ट्यात रेड वाइनसाठी लावलेल्या द्राक्षांपैकी जवळपास दोन तृतीयांश क्षेत्र मेर्लो या एकाच वाणाखाली आहे. तापमान वाढत गेले तर या पट्ट्याचे काय होईल, याचा विचार करताना मला सगळ्यात आधी हा आकडा महत्त्वाचा वाटतो. मेर्लो लवकर पिकतो. दोन-तीन पिढ्यांपूर्वी हाच त्याचा मोठा गुण होता आणि त्या गुणामुळेच तो एवढा पसरला. आता तोच गुण बागाईतदाराच्या अंगाशी येऊ लागला आहे.

फ्रान्सच्या नैऋत्येला गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिरोंदची खाडी तयार होते. तिच्या दोन्ही अंगांना या बागा आहेत. डाव्या तीरावर मेदोक आणि ग्राव. तिथली जमीन गोट्यांची, पाण्याचा निचरा करणारी आणि लवकर तापणारी, म्हणून तिथे उशिरा पिकणारा कॅबर्ने सोविन्यों रुजला. उजव्या तीरावर सँतेमिलियाँ आणि पोमरोल. तिथे चिकणमाती आणि चुनखडी, जमीन थंड, त्यामुळे तिथे लवकर पिकणारा मेर्लो. गरम जमिनीला उशिराचा वाण आणि थंड जमिनीला लवकरचा, अशी ही जोडणी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून बसलेली आहे. ती ज्या हवामानात बसली, तिथे द्राक्ष पूर्ण पिकेल की नाही हीच मोठी चिंता असायची.

फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत बोर्दोतल्या असंख्य वेली मेल्या. उजव्या तीरावर तर बागाच्या बागा नव्याने लावाव्या लागल्या आणि त्या लागवडीत मेर्लोला झुकते माप मिळाले. त्यानंतरच्या दोन दशकांतले कित्येक हंगाम थंड आणि ओले गेले. शरदातला पाऊस खुड्याआधीच गाठायचा, मणी कुजायचे, साखर पुरेशी भरायची नाही, मग रसात वरून साखर घालून मद्यार्क वाढवावा लागे. ती पद्धत कायदेशीर होती आणि सर्रास चालत असे. अशा दिवसांत आठवडा-दहा दिवस आधी हाती येणारा वाण म्हणजे विमाच. पुढे मऊ, लवकर पिता येणाऱ्या वाइनची मागणी वाढली आणि मेर्लो डाव्या तीरावरच्या गरम जमिनींतही शिरला. आजची अडचण समजायची असेल तर हे ध्यानात ठेवावे लागते. मेर्लो लावणाऱ्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी त्यांच्या काळच्या हवेला योग्य तेच उत्तर दिले होते.

मण्याच्या आत काय बिघडते

बोर्दोतल्या वेलीचे वर्ष ढोबळमानाने असे असते: मार्चअखेर ते एप्रिल डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरून रंग चढू लागतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडा होतो. हवा तापली की ही सगळी साखळी पुढे ओढली जाते. बर्गंडीतल्या बोन या गावाच्या खुड्याच्या तारखा १३५४ ते २०१८ पर्यंत सलग जुळवल्या गेल्या आहेत. त्यात १९८८ नंतरचा खुडा आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा १३ दिवस लवकर आलेला दिसतो. बोर्दोचा प्रवासही त्याच दिशेने चालू आहे.

नुसती तारीख बदलली असती तर फारसे बिघडले नसते. पण पूर्वी मणी पिकण्याचा शेवटचा टप्पा सप्टेंबरच्या उतरत्या उन्हात, थंड रात्रींत पार पडायचा. आता तोच टप्पा ऑगस्टच्या भर उन्हात येऊन पडतो. म्हणजे वेलीला हवामानातली वाढ तर सोसावी लागतेच, शिवाय वर्षातल्या अधिक उष्ण भागात सरकल्याची वाढही सोसावी लागते. सरासरी तापमान एक-दीड अंशाने वाढले असे आपण वाचतो, पण पिकणाऱ्या मण्याला सोसावी लागणारी वाढ त्याहून मोठी असते. मला वाटते, या विषयावरच्या सर्वसाधारण चर्चेत सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट हीच आहे.

मण्यात एकाच वेळी अनेक गोष्टी घडत असतात आणि उष्णतेने त्या सगळ्या सारख्या वेगाने धावत नाहीत. साखर लवकर भरते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का मद्यार्क तयार होतो. एके काळी १२ ते १२.५ टक्क्यांवर थांबणारी बोर्दोची रेड वाइन आता सहज १४ ते १४.५ टक्क्यांवर जाते, म्हणजे दर लिटर रसात तीस-चौतीस ग्रॅम साखर जादा. त्याच वेळी आम्लता घसरते, कारण गरम हवेत मणी आपले मॅलिक आम्ल श्वसनात जाळून टाकतो. आम्ल कमी झाले की रसाचा पीएच वाढतो आणि मग प्रश्न चवीपुरता राहत नाही. वाइन टिकवण्यासाठी वापरला जाणारा सल्फर डायऑक्साइड वाढलेल्या पीएचमध्ये दुबळा पडतो. नको असलेल्या जिवाणूंना आणि यीस्टना मोकळे रान मिळते.

रंगाची गोष्ट वेगळीच. सालीतले अँथोसायनिन हे रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया साधारण ३५ अंशांपुढे मंदावते आणि बनलेला रंगही काही प्रमाणात विरतो. इथे ३५ अंश म्हणजे मण्याचे तापमान, हवेचे नाही. थेट उन्हात असलेल्या घडातला मणी भोवतीच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त तापू शकतो. बियांतले आणि सालीतले टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारे घटक, मात्र आपल्याच गतीने पक्व होतात, त्यांना साखरेच्या वेगाशी देणेघेणे नसते. मेर्लोच्या ताज्या फळाच्या गंधाची जागा शिजवलेल्या फळाचा, सुक्या आलुबुखाऱ्याचा गंध घेऊ लागतो.

मग बागाईतदारापुढे ऑगस्टअखेरीस पेच उभा राहतो. साखरेवर नजर ठेवून लवकर खुडा केला तर टॅनिन कच्चे, तुरट राहतात. टॅनिनसाठी थांबले तर मद्यार्क चढतो, आम्ल जाते, मणी सुरकुततात. पूर्वी या सगळ्या गोष्टी साधारण एकाच आठवड्यात जुळून यायच्या. लवकर पिकणाऱ्या मेर्लोत ही फाटाफूट सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक दिसते.

२००३ आणि २०२२

आजवरच्या उष्णतेने बोर्दोचे नुकसानच केले, असे म्हणणे खोटे ठरेल. २००५, २००९, २०१०, २०१५, २०१६, २०१८, २०१९ ही जाणकारांनी नावाजलेली वर्षे आहेत आणि त्यातली बहुतेक उबदार होती. कॅबर्ने सोविन्योंला पूर्वी चिकटलेला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास कच्च्या मण्यातल्या पायराझीन या गंधद्रव्यामुळे येतो. ऊन आणि उष्णता वाढली तसा तो ओसरला. पती व्हर्दो हा उशिराचा वाण एके काळी कित्येक वर्षे पुरता पिकतच नसे, आता पिकतो. रसात साखर घालण्याची गरज जवळपास संपली. गेली तीस वर्षे या पट्ट्याने तापमानवाढीचा फायदा घेतला आहे. म्हणूनच धोक्याची जाणीव इथे उशिरा पोचली, असे मला वाटते.

दोन तापलेली वर्षे शेजारी ठेवून पाहिली की बरेच कळते. २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपभर उष्णतेची लाट आली. एकट्या फ्रान्समध्ये त्या लाटेने सुमारे १५,००० माणसांचा बळी घेतला. बोर्दोत पांढऱ्या द्राक्षांचा खुडा काही बागांत ऑगस्टच्या मध्यालाच सुरू झाला, जे तोवर अकल्पनीय होते. त्या काळात घडांवर ऊन पडावे म्हणून आजूबाजूची पाने काढून टाकण्याची पद्धत चांगल्या बागेची खूण मानली जाई. उघडे पडलेले घड करपले. हलक्या, कोरड्या जमिनींतल्या कोवळ्या वेलींनी मान टाकली. चिकणमातीतल्या, खोल मुळांच्या जुन्या वेली तगल्या. त्या वर्षीच्या वाइन एकसारख्या नाहीत, काही सुंदर, पुष्कळशा जड आणि लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या.

२०२२ चा उन्हाळा त्याहून सौम्य नव्हता. जुलैत जिरोंद जिल्ह्यातल्या लांदिरा आणि ला तेस्त-द-ब्युश इथल्या वणव्यांनी २०,००० हेक्टरांहून अधिक जंगल खाल्ले. उष्णतेच्या लाटा एकामागून एक आल्या, पाऊस तुटपुंजा होता. तरीही त्या वर्षीच्या रेड वाइनमध्ये अनेकांना अनपेक्षित ताजेपणा सापडला. यामागे एकापेक्षा जास्त कारणे दिली जातात. कोरडेपणा हंगामाच्या सुरुवातीपासूनच होता, त्यामुळे वेलींनी पाने कमी वाढवली, मणी लहान धरले, आणि पुढची उष्णता सोसायला त्या आधीच तयार झाल्या होत्या. २००३ मध्ये अशी तयारी करायला वेलींना फारशी सवड मिळाली नव्हती. दुसरे, मधल्या वीस वर्षांत माणसांनीही शिकून घेतले होते. दुपारच्या उन्हाकडची पाने ठेवली गेली, खुडा पहाटे किंवा रात्री होऊ लागला, तळघरात टॅनिन काढण्यासाठी रस हलक्या हाताने फिरवला गेला.

या तुलनेवरून मला आशा वाटते, पण भरवसा वाटत नाही. २०२२ मध्ये वेली तगल्या त्या जमिनीत आधी मुरलेल्या पाण्यावर. तो साठाच दोन-तीन वर्षे भरला नाही तर काय, याचे उत्तर एका चांगल्या वर्षातून मिळत नाही.

उष्णतेचा आणखी एक फटका वरवर पाहता उलटा वाटतो. हिवाळ्याची अखेर उबदार गेली की डोळे लवकर फुटतात आणि मग एप्रिलमधली एखादी गोठवणारी रात्र कोवळी फूट जाळून जाते. एप्रिल २०१७ च्या अशा रात्रींमुळे बोर्दोचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटले. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर तेच झाले. लवकर फुटणाऱ्या मेर्लोला इथेही झळ जास्त. ओल्या, उबदार वसंतात डाऊनी हा बुरशीचा रोग येतो तो वेगळाच. २०१८ आणि २०२३ मध्ये त्याने बोर्दोतल्या कित्येक बागा झोडपल्या, आणि २०२३ मध्ये सर्वाधिक मार मेर्लोने खाल्ला.

नावाचा हक्क आणि वाणांची यादी

इथवरची गोष्ट शेतीची झाली. बोर्दोचे प्रकरण खऱ्या अर्थाने अवघड होते ते नियमांमुळे. फ्रान्समध्ये भौगोलिक नावाचा हक्क नियंत्रित करणारी व्यवस्था १९३५ पासून आहे, आणि बोर्दो हे नाव १९३६ पासून तिच्या कक्षेत आहे. बाटलीवर 'बोर्दो' लिहायचे तर कोणते वाण लावायचे, किती दाट लावायचे, हेक्टरी किती उत्पादन घ्यायचे, हे सगळे ठरलेले आहे. पीक देणाऱ्या बागेला वाढीच्या काळात पाणी देण्यावरही कडक बंधने आहेत. २०२२ मध्ये पोमरोलसह काही भागांना अपवाद म्हणून पाणी देण्याची परवानगी मिळाली, एवढी वेळ आली होती.

या नियमांनी नावाची पत राखली हे खरे आहे आणि मी त्यांची टिंगल करणार नाही. पण ते ज्या हवामानाला धरून लिहिले गेले ते हवामान आता राहिलेले नाही. शिवाय वाणांची ही यादी अनादी काळापासून चालत आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्याआधी बोर्दोत माल्बेक मुबलक होता आणि मेदोकमध्ये कार्मेनेरला मान होता. अमेरिकी खुंटावर कलमे बांधून नव्याने बागा उभ्या राहिल्या तेव्हा कलमाला नीट न जुळणारे, लहरी वाण मागे पडले. म्हणजे संकट आले तेव्हा बोर्दोने आपले वाण बदललेले आहेत.

२००९ मध्ये बोर्दोलगतच्या व्हिलनाव्ह-दोर्नों इथे सरकारी संशोधकांनी ५२ वाण एकाच शेतात लावले. हा विटअडॅप्ट नावाचा प्रयोग. दक्षिणेकडच्या उष्ण प्रदेशांतले वाण बोर्दोच्या मातीत कधी फुटतात, कधी पिकतात, किती आम्ल राखतात, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवायची. घाईच्या घोषणांपेक्षा अशा शांत, चिकट कामाचा मला जास्त आदर वाटतो. २०२१ मध्ये 'बोर्दो' आणि 'बोर्दो सुपेरिअर' या नावांखाली सहा नव्या वाणांना परवानगी मिळाली: लालमध्ये अरिनार्नोआ, कास्ते, मार्सेलान आणि तुरिगा नासिओनाल, पांढऱ्यात अल्व्हारिन्यो आणि लिलिओरिला. तुरिगा नासिओनाल पोर्तुगालचा, उन्हात कसलेला. मार्सेलान हा कॅबर्ने सोविन्यों आणि ग्रनाश यांचा १९६१ मध्ये केलेला संकर. कास्ते तर बोर्दोचाच, पण विसरला गेलेला.

परवानगीला अटी आहेत. बागेच्या क्षेत्रात या वाणांचा वाटा ५ टक्क्यांपर्यंत, वाइनच्या मिश्रणात १० टक्क्यांपर्यंत, आणि बाटलीवर त्यांचे नाव नाही. प्रयोगाची मुदत दहा वर्षे. सावधपणा समजण्यासारखा आहे, पण जरा हिशेब करून पाहू. एखादी बाग सरासरी चाळीस वर्षे ठेवायची तर दरवर्षी तिचा अडीच टक्के भाग नव्याने लावावा लागतो. म्हणजे ५ टक्क्यांची मर्यादा दोन वर्षांच्या पुनर्लागवडीतच भरते, आणि उरलेली सगळी लागवड जुन्याच यादीतून करावी लागते. आज लावलेली वेल २०६० च्या दशकातही फळ देत असणार आहे.

वाणांची विविधता किती मोलाची आहे याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासातून येतो. अकरा वाण घेऊन केलेल्या त्या गणितात, तापमान २ अंशांनी वाढले तर आजच्या वाइन-पट्ट्यांपैकी ५६ टक्के क्षेत्र अयोग्य ठरते. पण जागोजागी वाण बदलले तर ही हानी २४ टक्क्यांवर येते. ४ अंशांच्या वाढीत मात्र हेच आकडे ८५ आणि ५८ आहेत. पहिल्या जोडीत शेतकऱ्याच्या हातात पुष्कळ काही आहे, दुसऱ्या जोडीत वाण बदलूनही निम्म्याहून जास्त क्षेत्र जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये पोमरोलमधल्या शातो लाफ्लर या लहान पण अतिशय प्रतिष्ठित बागेच्या मालकांनी जाहीर केले की त्याच वर्षीच्या हंगामापासून ते पोमरोल आणि बोर्दो ही नावे सोडून आपली वाइन 'व्हँ द फ्रान्स' (फ्रान्सची वाइन) या प्रदेशाचे नाव नसलेल्या साध्या वर्गात विकणार. हवामान वेगाने बदलते आहे आणि नियमांच्या चौकटीत बागेला वेळेवर हवे ते करता येत नाही, हे त्यांनी दिलेले कारण. लाफ्लरला हे परवडते, कारण त्या बाटल्या बागेच्या स्वतःच्या नावावर खपतात. ज्याची वाइन केवळ 'बोर्दो' या शब्दावर विकली जाते त्या साध्या बागाईतदाराला ही वाट नाही.

आणि संख्येने तोच जास्त आहे. वाइनचा खप घटल्यामुळे २०२३ पासून बोर्दोत बागा उपटायला हेक्टरी ६,००० युरोंची मदत दिली गेली आणि हजारो हेक्टर बागा निघाल्या. याचे मूळ बाजारात आहे, तापमानात नाही. या दोन्हींची सरमिसळ करू नये. पण ज्याच्या हातात पैसा उरलेला नाही त्याने मेर्लो काढून नवा वाण लावायचा, तीन-चार वर्षे पिकाविना काढायची, हे होणार कसे? तापमानाशी जुळवून घेण्याची किंमत जवळपास सगळीकडे हेक्टरी सारखीच आहे, ती सोसण्याची ताकद मात्र सारखी नाही.

म्हणून नव्या परदेशी वाणांबद्दल कुतूहल असले तरी, पहिला मोठा बदल जुन्या यादीतूनच व्हावा असे मला वाटते. गोट्यांच्या आणि वाळूच्या गरम जमिनींतला मेर्लो पुनर्लागवडीच्या वेळी काढून तिथे कॅबर्ने सोविन्यों किंवा पती व्हर्दो लावायला वाणांच्या यादीची आजही आडकाठी नाही. उजव्या तीरावर कॅबर्ने फ्रांकचा वाटा वाढवता येतो. थंड, पाणी धरणाऱ्या चिकणमातीत मेर्लो अजून बराच काळ चांगला राहील, तिथून त्याला हुसकण्याचे कारण नाही. खुंट बदलून ११०आर किंवा १४० रुगेरीसारखे कोरडेपणा सोसणारे घेता येतात. छाटणी उशिरा केली तर डोळे काही दिवस मागे ढकलता येतात आणि एप्रिलच्या गोठवणाऱ्या रात्री चुकण्याची शक्यता वाढते. वेलीचा पानोरा थोडा बुटका ठेवला तर साखर सावकाश भरते. यातल्या प्रत्येक उपायाने थोडेथोडे दिवस हाती लागतात, आणि मण्यातली फाटाफूट रोखायला काही वेळा तेवढे दिवसही पुरतात.

पांढऱ्या द्राक्षांचा प्रश्न मी इथे बाजूला ठेवला आहे. सोविन्यों ब्लांची सगळी मदार आम्लावर आणि नाजूक गंधावर असल्याने तो कदाचित मेर्लोपेक्षाही आधी अडचणीत येईल, पण क्षेत्र लहान असल्याने तिथे बदल करणे सोपे आहे.

सहा नव्या वाणांच्या दहा वर्षांच्या प्रयोगातून २०३१ च्या सुमारास निष्कर्ष मांडले जातील, तेव्हा हाती सात-आठ हंगामांचे पीक असेल, कारण पहिली तीन वर्षे वेल फळच देत नाही. त्या निष्कर्षांत तुरिगाची चव बोर्दोत बसते की नाही यावर बरीच चर्चा होईल. मला दुसरा आकडा पाहायचा आहे: त्याच दहा वर्षांत गरम जमिनींत मेर्लोच्या किती नव्या रांगा लावल्या गेल्या.